मदत हवी आहे: कंटाळवाण्या कामांना इंग्रजीत काय म्हणायचं? उद्यापर्यंत पाहिजे

मांजराकाठ: नळाचं पाणी भरणं, ज्वारी निवडणं, रेशनची रांग. असली वेळखाऊ कामं इंग्रजीत सांगायचीत. 'बोअरिंग वर्क'च्या पुढं गाडी जाईना. लवकर सांगा.

गोदातीर: बोलायचं का लिहायचं? परीक्षा कोणती?

हुरडा_गरम: घरातलं रोजचं काम ते 'चोअर'. बाहेर जाऊन उरकायचं ते 'एरंड'. तेलाचं नव्हे! रेशन आणणं 'एरंड', ज्वारी 'चोअर'. 'हेक्टिक' म्हणू नका, ती धावपळ झाली.

शब्दखडा: रोज दहा शब्द पाठ करा, वर्षात इंग्रजी पक्की.

गोदातीर: उद्या पाहिजे म्हणतेत ते, दादा.

तिफण: 'ड्रजरी' वापरा, म्हणजे कंटाळवाणं राबणं. वजन पडतं.

हुरडा_गरम: बोलताना ते पुस्तकी वाटतं. 'इट्स अ रिअल ड्रॅग' म्हणा.

तिफण: परीक्षेत असलं बोली चालतं का?

मांजराकाठ: आयेल्ट्स, इंग्रजीची परीक्षा. स्पीकिंग म्हणजे तोंडी, त्यातला दुसरा भाग.

गोदातीर: हे आधी सांगायचं ना! तिथं बोलीच चालते. तयारीला 1 मिनिट, बोलायला 2 मिनिटांपर्यंत. शब्दांची यादी दीड मिनिटाला पुरत नाही, एकच काम धरून पायऱ्या सांगा. ज्वारी घ्या: ताटात मूठभर पसरायची, बोटानं चांगला दाणा एका कडंला सारायचा, खडे वेचायचे, मग सुपात पाखडायची. निवडणं म्हणजे 'पिक ओव्हर'; 'सिलेक्ट' म्हणलं की दुकानात वाण पसंत केल्यासारखं होतं. पाखडणं 'विनो', चाळणं 'सिव्ह'. ज्वारीला 'सॉर्गम'.

पाण्यात चूक हमखास होते. 'फिल वॉटर' नाही. 'फिल'च्या पुढं भांडं येतं, 'फिल द ड्रम्स'. आणि 'आय स्पेंड टू अवर्स'नंतर 'फिलिंग', 'टु फिल' नाही. 'टु फिल' पाहिजेच असेल तर 'इट टेक्स मी टू अवर्स'नं सुरू करा.

शब्दखडा: लातूरला नळ किती दिवसांनी येतो आता? 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं.

तिफण: धागा कशाचा, चाललंय काय. एरंडाचं गुऱ्हाळ!

हुरडा_गरम: 'टीडिअस' राहिलंच. पुरणपोळी 'टाइम-कन्झ्युमिंग', पण खडे वेचणं 'टीडिअस': तेच ते, संपता संपत नाही. आणि 'आय ॲम बोअरिंग' म्हणाल तर कंटाळवाणे तुम्हीच ठरता. 'बोअर्ड' म्हणा.

मांजराकाठ: सुपाला काय म्हणायचं?

गोदातीर: 'विनोइंग बास्केट'. नुसतं 'सूप' म्हणलात तर परीक्षकाला टोमॅटोचं वाटंल.