मदत हवी आहे: नाटकाचे दौरे सांभाळून गटाच्या तालमी कशा करायच्या?

मी पुण्यात व्यावसायिक नाटकांसाठी लाइट्स ऑपरेट करते. प्रयोग शुक्रवार ते रविवार; कधी बालगंधर्व, कधी यशवंतराव, कधी थेट नाशिक-कोल्हापूरचा दौरा. शिवाय आमचा पाचजणांचा गट आहे. आम्ही आधी संहिता लिहीत नाही. तालमीत इम्प्रोव्हायझेशन करत प्रसंग सापडतात, मग ते लिहून काढतो. बाकीचे चौघे नोकरदार, त्यांना शनिवार-रविवारच मोकळा. नेमकी तेव्हाच मी लाइट बोर्डवर असते.

सोमवारी रात्री तालमी करून पाहिल्या, पण सगळे दमलेले असतात आणि हॉल लवकर बंद होतो. मी नसलेल्या तालमीचं चित्रण मागवून पाहते. त्यातून काय झालं ते कळतं. एखादा प्रसंग का वगळला ते कळत नाही, आणि माझं म्हणणं पोचेपर्यंत गट पुढे गेलेला असतो. "तू फक्त प्रकाशयोजना कर" असंही सुचवलं गेलं. ते मला खरंच नको आहे. आमच्या नाटकात प्रकाश प्रसंगाबरोबरच घडतो, शेवटी वरून लावला जात नाही.

नोकरी सोडता येणार नाही, नाईटवरच, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांवरच, घर चालतं. बदली ऑपरेटर मिळतो, पण वरचेवर नाही. प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) संहिता पाठवायची असल्याने प्रसंग कधीतरी पक्के करावेच लागतील.

अशा पद्धतीने नाटक करणाऱ्यांना विचारायचंय: एक जण सतत गैरहजर असेल, तर कुठले निर्णय त्याच्याशिवाय घेता आणि कुठले थांबवून ठेवता? आणि तालमीची नोंद कोण ठेवतं, त्यात नेमकं काय लिहिता?