जुनी सुटी गाणी आणि छापील पद्यं: लॅमिनेट करावी का?

वाचनालय_लाखनी

आमच्या 'ड' वर्ग वाचनालयाकडे सुमारे 300 सुटी पत्रकं आणि बारक्या चोपड्या आल्या आहेत. खंजिरी भजनं, दंडारीची गाणी, खडी गंमतीतल्या लावण्या (दोन्ही विदर्भातली लोकनाट्यं), जत्रेत विकली जाणारी पद्यं. बहुतेक 1930 ते 1965 मधली. कागद तपकिरी पडला आहे, काही गुलाबी आहेत, घडीवर तुटून राहिले. काहींना गंजक्या टाचण्या, काहींना चिकटपट्टी. समिती म्हणते सगळं लॅमिनेट करा. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी एकोणिसाव्या शतकातली अशीच सुटी गाणी जपली आहेत. ते काय करतात, आणि टिनाच्या छताखाली, भारनियमनात त्यातलं काय जमेल?

कागद_आणि_खळ

लॅमिनेशन अजिबात करू नका. दुकानातल्या पाऊचचा गोंद उष्णतेने कागदाच्या धाग्यात उतरतो आणि मग तो कागद त्यातून कधीच सुटत नाही. आतलं आम्लही आतच राहतं. अमेरिकेत जुन्या कागदांची दुरुस्ती करणाऱ्या विल्यम बॅरो यांच्या पद्धतीने सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकच्या थरात असंख्य कागद दाबले गेले, आणि नंतर तेच थर रसायनाने सोडवत बसायची वेळ तिथल्या अभिलेखागारांवर आली.

एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांची 1850 च्या आधीची पत्रकं चिंध्यांच्या लगद्याची आहेत, म्हणून आजही घडी सोसतात. तुमची लाकूड-बांबूच्या लगद्याची, त्यात तुरटी घातलेली. तुरटीतून आम्ल सुटतं आणि धागा तुटत जातो. शंभर वर्षांनी नवी असूनही तुमचीच पत्रकं जास्त नाजूक आहेत.

तिथे कमकुवत पत्रक पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवतात. पत्रक फिल्मला चिकटवलेलं नसतं, फक्त फिल्मच्या कडा बंद असतात. फिल्म 75 ते 100 मायक्रॉनची. दुहेरी टेप कागदापासून किमान 3 मि.मी. लांब, कोपऱ्यात हवेला जागा. पण आम्ल न काढता चारी बाजू बंद केल्या तर कागद उघड्यापेक्षा लवकर खराब होतो. तुमच्याकडे आम्ल काढायची सोय नसेल, तर फक्त दोन बाजू बंद करा आणि पाठीमागे अल्कलाइन (आम्ल मारणारा) कागद ठेवा. अगदी मोडकळीला आलेल्या वीस-पंचवीस पत्रकांनाच हे करा. बाकीच्यांना एका घडीचा फोल्डर पुरे. फोल्डरचा कागद पीएच पेनने (कागदातलं आम्ल दाखवणाऱ्या पेनने) तपासा: जांभळी रेघ आली तर चालेल, पिवळी आली तर नको. खाकी कागद आणि वर्तमानपत्र तर नकोच.

घड्या उन्हाळ्यात उघडू नका. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत घडी उघडली की कागद तिथेच तुटतो. झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये तळाला ओला टीपकागद, वर जाळी, जाळीवर पत्रक, 4 ते 6 तास. मग हलक्या हाताने उघडून दोन कोऱ्या टीपकागदांत वजनाखाली दिवसभर. त्याआधी रंगाची परीक्षा घ्या: कोपऱ्यात पाण्याचा बारका थेंब टाकून टीपकागद दाबायचा. गुलाबी उतरला तर त्या पत्रकाला ओलावा देऊ नका.

टाचणी ओढायची नाही. तिच्या खाली पॉलिएस्टरची पट्टी सरकवून दुमडलेली टोकं सरळ करा, मग उचला. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ. फेव्हिकॉल नको, तो नंतर निघत नाही. चिकटपट्टी आपोआप सुटत असेल तेवढीच काढा. चिकटलेली ओढली की अक्षरं सोबत येतात.

चाल_कोणती

कागदाइतकीच नोंदही महत्त्वाची आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या एका संग्रहात अशी 4,291 पत्रकं आहेत. साधारण 6 बाय 8 इंचांची, फक्त शब्द, स्वरलिपी नाही. वर नुसतं लिहिलेलं: अमुक गाण्याच्या चालीवर. आपल्या भजनाच्या माथ्यावरचं 'चाल:' तेच. ती ओळ नोंदीतून सुटली की गाणं मुकं झालं समजा, कारण ती चाल दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसते.

म्हणून रकाने असे करा: शीर्षक, पहिली ओळ, ध्रुवपद, चाल, रचनाकार (छापलं असेल तसंच), छापखाना आणि पूर्ण पत्ता, किंमत, मागच्या पानावरची जाहिरात. पहिली ओळ हवीच, एकच गाणं तीन नावांनी छापलेलं सापडतं. झाडीबोलीतले शब्द प्रमाण भाषेत 'सुधारू' नका. शोधायला सोपं जावं म्हणून हवं तर वेगळ्या रकान्यात प्रमाण रूप लिहा.

पत्ता कशाला? पत्रकावर साल बहुधा नसतं. अशी पत्रकं छापून विकणाऱ्या न्यूयॉर्कच्या एच. डी मार्सनचा पत्ता चॅटम स्ट्रीटवर बदलत गेला, त्यावरून त्याच्या पत्रकांचा काळ ठरवता येतो. नागपूर-अमरावतीच्या छापखान्यांबाबतही हे करून पाहा. अंदाज असेल तर साल चौकटी कंसात, प्रश्नचिन्हासह.

वाचनालय_लाखनी

फार उपयोग झाला. दोन शंका. कसर लागली आहे, डांबराच्या गोळ्या ठेवू का? आणि स्कॅन करून नेटवर टाकता येईल का?

कागद_आणि_खळ

गोळ्या नको, त्यांची वाफ माणसालाच बाधते. पत्रकं पॉलिथिनमध्ये हवा काढून पक्की बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर 14 दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. लाईट जाऊन आतलं तापमान चढलं तर दिवस पहिल्यापासून मोजा.

उन्हाळ्यात कूलरचा झोत कपाटावर नको. ओल 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. साध्या आर्द्रतामापकाचा आकडा रोज लिहून ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, जमिनीपासून वीतभर वर. त्याने वाळवीची माती दिसते तरी.

हक्क_आणि_स्कॅन

स्कॅन 400 डीपीआय (इंचाला 400 ठिपके), रंगीत, टिफ फाइलमध्ये. 6 बाय 8 इंचांचं एक पान सुमारे 23 एमबी होतं. 300 पत्रकांच्या दोन्ही बाजू म्हणजे साधारण 14 जीबी, चोपड्यांमुळे वाढेल. दोन हार्डडिस्क घ्या, दुसरी वाचनालयाच्या इमारतीत ठेवू नका. काच झाकून दाबायचा स्कॅनर तुटक्या पत्रकाला चालत नाही, तिथे वरून कॅमेरा लावा.

हक्काचं असं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडे असलेल्या छापील प्रतीची डिजिटल प्रत जपणुकीसाठी ठेवू शकतं. नेटवर टाकणं हा वेगळा विषय. रचनाकार माहीत असेल तर मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची. तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचना 1 जानेवारी 2029 ला मोकळ्या होतील. तोवर त्यांची भजनं वाचनालयातच दाखवा, नेटवर टाकायची तर लेखी परवानगी घ्या. निनावी पत्रकाला प्रकाशनापासून 60 वर्षं, म्हणून 1965 ची निनावी पत्रकं 1 जानेवारी 2026 पासून मोकळी. अमेरिकेत जुन्या छापील गाण्यांना प्रकाशनापासून जास्तीत जास्त 95 वर्षं असतात, त्यामुळे तिथली एकोणिसाव्या शतकातली पत्रकं बिनघोर नेटवर आहेत.

तेव्हा यादीत 'हक्क' हा रकाना आत्ताच वाढवा आणि त्यात मोकळं होण्याची तारीख टाका.