इटलीची तटस्थता आणि लंडनचा गुप्त करार

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये इटलीने जर्मनी-ऑस्ट्रियाला दगा दिला, असं म्हटलं जातं. थोडी भर घालतो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यातला १८८२ चा त्रिराष्ट्र करार बचावात्मक होता. सर्बियावर चाल ऑस्ट्रियाने केली, तीही इटलीला न विचारता. त्यामुळे ऑगस्ट १९१४ मधली तटस्थता कराराला धरूनच होती.

मला संताप येतो तो पुढच्या भागाचा. २६ एप्रिल १९१५ ला लंडनमध्ये इटलीचा ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाशी गुप्त करार झाला: ऑस्ट्रियाच्या ताब्यातले ट्रेंटिनो, त्रिएस्ते, डाल्मेशियाचा काही भाग इटलीला मिळणार, बदल्यात महिन्याभरात युद्धात उतरायचं. संसदेला पत्ताच नाही! बहुसंख्य खासदार माजी पंतप्रधान जोलित्तींच्या बाजूचे, म्हणजे युद्ध नको म्हणणारे. पंतप्रधान सालांद्रांनी राजीनामाही दिला होता. पण राजाने तो स्वीकारला नाही, रस्त्यांवर युद्धवाद्यांची गर्दी उसळली, आणि २० मे ला त्याच संसदेने सरकारला युद्धाचे अधिकार देऊन टाकले. २३ मे ला ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं. जर्मनीविरुद्ध मात्र थेट ऑगस्ट १९१६ मध्ये.

ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या इसोन्झो नदीकाठी मग एकामागून एक बारा लढाया झाल्या. तिथे मेलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना आपला सौदा कशासाठी झालाय हे कुणी सांगितलंच नव्हतं. करार जगापुढे आला तो १९१७ च्या अखेरीस, रशियात बोल्शेविकांनी तो छापल्यावर.