लिनक्स मशीन बंद करायलाही ॲडमिनचा पासवर्ड?

लॅबवाली: आमच्या कॉलेज लॅबमधली लिनक्स मशीन बंद करायला गेलं की ॲडमिनचा पासवर्ड मागतात. मुलांकडे तो नसतो. मग लॅब बंद व्हायच्या वेळी मुलं पॉवरचं बटण दाबून धरतात, नाहीतर सरळ मेन स्विच पाडतात. डिस्कवर जायचा डेटा मेमरीतच राहतो. मागच्या महिन्यात दोन मशीन चालू होताना ‘एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा’ म्हणत अडली. ज्याचा हात बटणापर्यंत पोचतो, त्याला नीट बंद करायची सोय द्यायलाच हवी.

रात्रपाळी: अजिबात पटलं नाही. माझं तीन दिवस चाललेलं सिम्युलेशन असंच गेलं. समोर बसलेल्याला वाटलं मशीन रिकामं आहे, निघताना बंद केलं. लिनक्स ज्या वळणावर बांधलंय ती युनिक्स अनेकांनी एका वेळी वापरायचीच सिस्टम आहे. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, तोही रीबूट कुणालाही करू देत नाही, ते उगाच नाही.

बीएसडीप्रेमी: फ्रीबीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या वंशजात ‘ऑपरेटर’ गटातल्यांना शटडाउन चालवता येतं. पण मुलांना त्यात घालू नका! बॅकअपसाठी त्या गटाला डिस्क थेट वाचता येते, म्हणजे फाइलींच्या परवानग्या असून नसल्यासारख्या. बंद करण्यापुरता अधिकार द्यायला गेलात आणि सगळ्यांची घरं (होम फोल्डर) उघडून दिलीत.

लिनक्सवर सिस्टमडी (मशीनवरच्या सेवा सांभाळणारी प्रणाली) हिचा लॉगिनडी हा लॉगिन सांभाळणारा भाग हे बरं हाताळतो. समोर बसलेला एकटाच लॉगिन असेल तर सहसा पासवर्ड न मागता बंद करू देतो. दुसऱ्या कुणाचं सेशन, म्हणजे चालू लॉगिन, असेल तर ॲडमिन लागतो. लॅबवाली, कोण कोण लॉगिन आहे ते दाखवणारी ‘हू’ आज्ञा एकदा टाकून बघा.

रात्रपाळी: क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चाललेलं काम लॉगिनडी सेशन म्हणून मोजत नाही. माझं तसंच होतं.

बीएसडीप्रेमी: मग सिस्टमडी-इनहिबिट ही शटडाउन अडवणारी आज्ञा लावून चालवा. काम संपेपर्यंत साध्या युजरला शटडाउन करता येणार नाही. ॲडमिनकडून एकदा बसवून घ्या.

लॅबवाली: आत्ता पाहिलं. प्रत्येक मशीनवर ॲडमिनचंच एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून केलेलं लॉगिन) सेशन उघडं आहे, काहींवर आठवडाभरापासून! म्हणून पासवर्ड मागत होतं. एका मशीनवरचं त्यांना बंद करायला लावलं, मुलीनं मेनूतून बंद केलं, काही विचारलं नाही.

रात्रपाळी, तुमचं नुकसान कळतं मला. पण तुमच्या मशीनला कुलूप लावा, लॅबला नको. आमच्याकडे रात्री कुणाचंच काम चालत नाही.

रात्रपाळी: लॅबपुरतं मान्य. मोठी गणितं चालणाऱ्या मशीनवर मात्र बंद करायचा तो मेनूच काढून टाका, मी सोमवारी आमच्याकडे हेच मागणार आहे.