राग रक्तातून येतो की घरातून? (घरात मतदान होऊन मी हरलोय)

अर्धविराम (धागाकर्ता)

मुलगा नऊ वर्षांचा आहे. गणित सुटलं नाही की आधी ओठ आवळतो, मग खोडरबर पिळत बसतो तो तुटेपर्यंत, आणि मग कंपासपेटी भिंतीवर. परवा कर्कटक पार कपाटाखाली गेलं, मी पालथा पडून काढत होतो आणि वर उभ्या असलेल्या सगळ्यांचं एकमत झालं, "आजोबाच आलेत परत!" माझे बाबा अगदी असेच, ओठ आवळले की समजायचं आता हातातलं काहीतरी उडणार. पण गंमत अशी की बाबा गेले त्यानंतर दोन वर्षांनी हा जन्मला, त्याने त्यांना बघितलेलंच नाही, मग शिकला कुठून, तर म्हणे रक्तातच आहे.

मला हे अजिबात पटत नाही. आजोबांना नसेल बघितलं पण मला तर रोज बघतो ना? मी पेटी फेकत नाही पण दार आपटतो, कीबोर्ड आपटतो, आणि आपटायच्या आधी माझेही ओठ आवळले जातात असं बायकोचं म्हणणं. मी बाबांचं उचललं, त्याने माझं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, संपला विषय. आणि रक्त म्हटलं की कसं सगळेच सुटतात, तोही, मीही, बाबाही. हाणा आता.

खडूस_मास्तर

म्हणींनीच वाद मिटवायचा तर 'खाण तशी माती' पण आपल्याच भाषेतली आहे, घ्या.

कोल्ह्यांचं ऐका. १९५९ साली सोव्हिएत रशियात, सैबेरियात, बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञाने फरसाठी पाळलेले कोल्हे घेतले आणि प्रत्येक पिढीतून फक्त जे माणसाला कमीत कमी बिचकतात किंवा चावतात तेवढेच पुढच्या पिलांसाठी निवडले. शिकवणं, लाडावणं काही नाही, उलट माणसांचा संपर्क मुद्दाम कमी ठेवला. पाच सहा पिढ्यांत शेपटी हलवणारी, हात चाटणारी पिलं व्हायला लागली. बरं, ही आईची संगत असेल म्हणाल, तर त्यांनी चावऱ्या वाणाची पिलं माणसाळलेल्या मादीकडे वाढवून पाहिली, गर्भसुद्धा इकडचे तिकडे करून पाहिले. पिलं जन्मदात्यांवरच गेली. आता यात दार कोणी आपटलं होतं?

अर्धविराम

मास्तर, तिथे माणूस पिंजऱ्यासमोर उभा राहून पिढ्यान् पिढ्या निवड करत होता. आमच्या घराण्यात चिडके वेचून लग्न लावत नव्हते हो. (निदान मला तरी कोणी तसं सांगितलेलं नाही.)

दोन_पोरांची_आई

माझी दोन. एकच घर, तेच आईबाप, तेच नियम. मोठी पहिल्या आठवड्यापासून शांत, पाळण्यात घातली की पंख्याकडे बघत पडायची. धाकट्याचे कपडे बदलायचे तर दोन माणसं लागायची. त्याने कुणाचं बघून शिकलं ते आठ दिवसांत? ज्यांना एकच मूल आहे ना त्यांनाच संस्कारांवर एवढा विश्वास असतो, दुसरं झालं की आपोआप उतरतो. राग नका मानू.

उंदीरमामा

ताई, दोघांचं घर एकच कसं? मोठीला आईबाप पूर्ण मिळाले, धाकट्याला अर्धे, वर एक ताई. आणि किरकिऱ्या बाळाला लोक पटकन खाली ठेवतात, शांत बाळ या हातातून त्या हातात फिरतं. म्हणजे बाळच आपल्या स्वभावाने भोवतालचं घर बदलतं आणि ते बदललेलं घर परत बाळाला घडवतं. यात वेगळं काय काढणार?

मास्तरांच्या कोल्ह्यांना माझे उंदीर. १९५८, कॅनडा, कूपर आणि झुबेक या दोन शास्त्रज्ञांचा प्रयोग. भूलभुलैयात हुशार आणि ढ असे उंदरांचे दोन पिढीजात वाण होते, कोल्ह्यांसारखेच निवडून तयार केलेले. नेहमीच्या पिंजऱ्यात वाढवले तर हुशारांच्या सरासरी ११७ चुका, ढ उंदरांच्या १६४. फरक डोळ्यात भरण्यासारखा, मास्तर खूश. मग काही पिलं ओक्याबोक्या पिंजऱ्यात वाढवली, नुसत्या करड्या भिंती, खेळायला काही नाही. दोन्ही वाणांच्या चुका १७० च्या आसपास, हुशारी गेली कुठे? आणि ज्यांना बोगदे, उतरंडी, आरसे, झोपाळे असला भरलेला पिंजरा दिला त्यांच्यात १११ विरुद्ध १२०, म्हणजे फरक जवळपास पुसलाच. वाण तेच, पिंजरा बदलला. आता हे 'रक्त' म्हणायचं की 'घर'?

खडूस_मास्तर

उंदीर छान आहेत. पण माणसांचंही बघा की. २०१५ मध्ये आधीच्या पन्नास वर्षांतले जुळ्यांवरचे २७०० हून जास्त अभ्यास एकत्र केले गेले, जुळ्यांच्या तब्बल १.४५ कोटी जोड्या, आणि सगळ्या गुणधर्मांची सरासरी काढली तर आनुवंशिकता ४९ टक्के. म्हणजे पोराचा अर्धा राग आजोबांचा, उरलेला तुमच्या दाराचा. करा वाटणी आणि धागा बंद करा.

टक्केवारी_नको

नाही नाही नाही. इतका वेळ नुसती वाचत होते पण या वाक्यासाठी लॉगिन केलं.

४९ टक्के म्हणजे एका मुलाच्या रागाचे दोन तुकडे नव्हेत. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्या *फरकातला* किती भाग जीन्समधल्या (म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या जनुकांमधल्या) फरकाशी जोडता येतो, याचा तो आकडा आहे, तोही त्या लोकांपुरता आणि त्या परिस्थितीपुरता. एका माणसाला तो लावताच येत नाही. माणसाला दोन हात असतात ते जीन्समुळेच ना? पण ज्यांना एकच हात आहे त्यांच्यात बहुतेकांचा अपघाताने गेलेला असतो, म्हणजे हातांच्या संख्येची आनुवंशिकता काढायला बसलात तर शून्याच्या जवळ येईल. मग हात घरातून आले म्हणायचे का?

आणि आकडा मोठा म्हणजे बदल अशक्य हेही चूक. उंची ८० टक्क्यांच्या आसपास आनुवंशिक धरतात, तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढली. तेवढ्यात जीन्स कुठे बदलल्या? परिस्थिती बदलली. याहून लख्ख उदाहरण म्हणजे फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार. आईबाप दोघांकडून बिघडलेली जीन आली की शरीराला फेनिलअलॅनिन हा प्रथिनांतला घटक मोडता येत नाही, ते साठत जातं आणि मेंदूचं कायमचं नुकसान होतं. म्हणजे शंभर टक्के रक्त, बरोबर? पण जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासलं आणि लगेच तो घटक कमी असलेला आहार सुरू केला की मूल साधारण इतरांसारखंच वाढतं. जीन तशीच असते, आजार जवळजवळ दिसतच नाही. सांगा, हा आजार किती टक्के जीन्सचा आणि किती टक्के ताटाचा?

उंदीरमामा

+१. पहिल्या कमेंटमध्येच आली असतीस तर माझे उंदीर वाचले असते.

लाल_शाई

सगळं ठीक पण 'रक्तात आहे'चा इतिहास विसरू नका. निसर्ग विरुद्ध संगोपन ही जोडी ज्याने रूढ केली त्या गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानेच १८८३ साली युजेनिक्स (म्हणजे 'चांगल्या' वाणाच्याच माणसांची पैदास वाढवायची हा विचार) हा शब्द काढला. पुढे १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' ठरवलेल्या एका तरुणीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली, कारण काय तर घराण्यातच आहे. त्यामुळे मी कायम धागाकर्त्याच्या बाजूने, निदान ती बाजू कुणाचं वाईट तरी करत नाही.

निरव

लाल शाई, शेवटच्या वाक्याला कडक असहमत. माझा भाचा ऑटिस्टिक आहे म्हणून हे माझ्या वाचनात आलं. १९५० आणि ६० च्या दशकात मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की ऑटिझम आईच्या थंडपणामुळे होतो. 'सगळं घरातून येतं' ही तुमची निरुपद्रवी बाजू बरं का. किती आयांनी आपलंच चुकलं म्हणून आयुष्य काढलं असेल. १९७७ साली जुळ्यांच्या फक्त २१ जोड्यांचा अभ्यास झाला, एकसारख्या जुळ्यांत (ज्यांच्या जीन्सही सारख्याच) दोघांनाही ऑटिझम असलेल्या जोड्या निघाल्या आणि वेगळ्या जुळ्यांत एकही नाही, तेव्हा कुठे वारं फिरायला लागलं. माझ्या बहिणीला आजही कोणीतरी येऊन विचारतंच, 'लहानपणी वेळ दिला नाही का गं?' तेव्हा मला जीन्स फार आवडतात.

लाल_शाई

हे मला माहीत नव्हतं. 'कुणाचं वाईट करत नाही' एवढं मागे घेतो, बाकीचं नाही.

टक्केवारी_नको

अर्धविराम, तुमच्या केसमध्ये खरी गोची वेगळीच आहे. पोराला जीन्स तुम्ही दिल्या आणि दार पण तुम्हीच आपटलं. दोन्ही एकाच हातून गेलंय, त्यामुळे नुसतं बघून तुम्हालाही कळणार नाही आणि घरच्यांनाही. दत्तक मुलांचे आणि वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचे अभ्यास याचसाठी करावे लागतात. तुमच्या मतदानाला काडीचा अर्थ नाही, हरलात ते पण आणि जिंकले ते पण.

अर्धविराम

मानलं. 'रक्तबिक्त काही नाही' हे जरा जास्तच झालं. पण मग तुमच्याच हिशोबाने, समजा त्याला आगकाडी जन्मतःच मिळालीय, तर ती काडी कुठे घासायची ते तरी माझ्या हातात आहे ना? जीन्स बदलायला मी जाऊ शकत नाही, दार हळू लावू शकतो.

अजून एक. काल आईला सहज विचारलं, बाबा आधीपासूनच असे होते का गं? ती म्हणाली, "छे! लग्न झालं तेव्हा मोठ्याने बोलायचेसुद्धा नाहीत. नोकरी गेली, दोन वर्षं घरी बसले, त्यानंतरचं हे सगळं." चाळीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बाबांना चिडकेच बघितले म्हणून ते तसेच जन्मले असं धरून चाललो होतो.

खडूस_मास्तर

लग्नाच्या वेळी सगळेच हळू बोलतात, तो पुरावा नाही. आणि त्या दोन वर्षांत नोकऱ्या पुष्कळांच्या गेल्या असतील, सगळ्यांनी वस्तू नाही भिरकावल्या. कोण मोडतो, कोण गप्प होतो, कोण भिरकावतो, हा फरक येतो कुठून?

टक्केवारी_नको

मास्तर, पहिल्यांदाच बरोबर प्रश्न विचारलात. पण ती दोन वर्षं आलीच नसती तर तो फरक दिसला असता का, हेही त्याच प्रश्नात आहे.

दोन_पोरांची_आई

ते सगळं राहू दे. त्या पोराला गणित कोण शिकवतंय? नऊ वर्षांचं मूल रोज गणितापाशीच पेटी फेकतंय आणि आपण सैबेरियात जाऊन कोल्हे मोजतोय.

अर्धविराम

मीच शिकवतो.

दोन_पोरांची_आई

तरीच.