भाजी मंडीत घालावी की थेट ग्राहकाला विकावी? इंदूरच्या लहान शेतकऱ्याचा हिशेब

सुदामानगरकर (धागा मांडणारे):
सांवेर रस्त्याला आमची दोन बिघे जमीन आहे. गेल्या हिवाळ्यातली मंडीतल्या विक्रीची एक पट्टी, म्हणजे आडत्याचा हिशेबाचा कागद, समोर ठेवून लिहितो आहे. २५ किलोंचे २० क्रेट टोमॅटो ८ रुपये किलोने गेले, म्हणजे ४,००० रुपये झाले. आडत (मंडीतल्या दलालाचे कमिशन), हम्माली आणि गाडीभाडे मिळून ९०० गेले, तोडणीच्या मजुरीला १,००० गेले. उरले २,१००, आणि त्यात रोपे, खत, औषध, बांबू-सुतळी अजून धरलेलेच नाही. त्याच दिवशी आमच्या गल्लीत ठेलेवाला २५ रुपयांनी टोमॅटो विकत होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत सुमारे ३३, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे मिळतात असे आढळले होते. माझ्या पट्टीवरच्या भावाने ३२ पैसे येतात, पण वरचा खर्च वजा केला की जेमतेम १७. शहर इतके जवळ असताना आपण माल थेट घरोघरी का पोचवू नये?

हातोदची शेतकरीण:
काका, तुमच्या हिशेबात विकायला उभा राहणारा माणूस धरलेलाच नाही. मी दोन वर्षे मेथी थेट विकली आहे. पहाटे तीनला बॅटरीच्या उजेडात १०० जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या आणि सहाला वसाहतीत उभे राहायचे. अकरापर्यंत कडेची पाने पिवळी पडत आणि जी बाई आठ वाजता दहा रुपये देत असे, तीच आता पाच रुपयांना मागत असे. एका दिवसाचे सांगते: ६० जुड्या दहाने गेल्या, ६०० आले, बाकीच्या ४० गुरांपुढे टाकल्या. मंडीत सगळ्या शंभर चार रुपयांनी गेल्या असत्या, म्हणजे ४००. दोनशेच्या फरकातून पेट्रोलचे ८० काढा आणि राहिलेल्या १२० मध्ये माझी पहाट ते दुपार मोजा. त्याच दिवशी खुरपणीच्या बाईला मी ३०० दिले होते. आडत्या माझा सगळा माल तासाभरात उचलतो आणि रोख देतो. ठेलेवाल्याच्या २५ रुपयांत नासाडीही असते आणि त्याचा दिवसही असतो, तो सगळा नफा नव्हे.

रामबागकर:
दोघांचेही आकडे खरे असतील, पण मूळ दुखणे वेगळे आहे. एकाच पंधरवड्यात सगळ्यांचा टोमॅटो उतरला की विकणारा कोणीही असो, भाव पडणारच. त्यासाठी किमान भावाची हमी हवी. केरळने नोव्हेंबर २०२० पासून १६ भाज्या, फळे आणि कंदपिकांना उत्पादन खर्चावर २० टक्के धरून आधारभाव ठरवून दिला. आपल्याकडे का नको?

हातोदची शेतकरीण:
आपल्याकडे झाले आहे, भाऊ. मध्य प्रदेश सरकारने २०१६ मध्ये ६ रुपयांनी आणि २०१७ मध्ये ८ रुपयांनी कांदा घेतला, आणि त्यातला पुष्कळ सडला. नीट साठवला तर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या कांद्याची ही गत झाली, तर दुपारी माना टाकणारी मेथी कोण आणि कुठे ठेवणार? हमीभाव कागदावर लिहिणे सोपे आहे, माल उचलणे कठीण.

सुदामानगरकर:
ताई, तुमचे १२० रुपये मला मान्य आहेत. उभ्या राहणाऱ्याची मजुरी मी खरोखर सोडून दिली होती. तरीही मी मत बदलत नाही. तुमच्या ४० जुड्या वाया गेल्या, कारण एकटीने एकच भाजी नेली आणि किती खपेल हे आधी ठाऊक नव्हते. चार घरांनी मेथी, टोमॅटो, गिलकी आणि कोथिंबीर एकत्र करावी, आदल्या संध्याकाळी ठरलेल्या घरांची मागणी घेऊन तेवढेच खुडावे आणि बाकीचा माल पूर्वीसारखा मंडीत घालावा; म्हणजे चौघांपैकी एकाचीच सकाळ जाईल आणि आडत्याशी नातेही तुटणार नाही. सगळा माल थेट विकावा हे माझे पहिले म्हणणे मी मागे घेतो, एक तृतीयांशाने सुरुवात करू. आठवड्यातले दोन दिवस उभे राहायला मी तयार आहे. सांवेर किंवा हातोदकडचे आणखी कोणी असल्यास, कोणती भाजी आणि कोणता वार, एवढे इथेच लिहावे.