उत्तर: खेळून झाल्यावर पुढे काय?

वर कुणीतरी लिहिलंय की भारतासाठी फुटबॉल खेळलेली मुलगी आपोआप प्रशिक्षक होते, नाशिकच्या मुलींना तो रस्ता बंदच. दुसरं अर्धं मान्य नाही आणि पहिलं तर मुळीच नाही. मेमोल रॉकी गोव्याच्या, भारताकडून खेळलेल्या. पण २०१७ मध्ये भारताच्या महिला संघाचं मुख्य प्रशिक्षकपद मिळण्याआधी त्या सहायक म्हणून राबल्या होत्या. २०१९ ला त्यांच्या संघाने बिराटनगरमध्ये नेपाळला ३-१ हरवून सॅफ करंडक, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा, जिंकला. त्याच वर्षी ऑलिंपिक पात्रतेत म्यानमारशी ३-३ बरोबरी झाली आणि गोलफरकावर गाडी अडली. एक सामनाही न हरता बाहेर! हे फारसं कुणी सांगत नाही.

प्रशिक्षक व्हायच्या पायऱ्या अशा: आधी प्रशिक्षकाचा डी परवाना, मग आशियाई फुटबॉल महासंघाचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो. मधल्या काळात प्रत्यक्ष संघ चालवल्याचा अनुभव लागतो, म्हणून पंचवटी-सिडकोतल्या शाळेचा संघ हाती असेल तर तो सोडू नका. चांगले खेळाडू अडकतात ते प्रात्यक्षिकात, म्हणजे स्वतः सराव घेऊन दाखवताना. चाराला एक (चौघी बॉल फिरवतात, मधली एक तो हिसकावू बघते) असा पासिंगचा सराव १० बाय १० मीटरच्या चौकोनात घ्यायचा, तर जागा मोठी आखतात; मग मधल्या मुलीचा दबावच येत नाही आणि शिकवायला चूक घडतच नाही. दुसरं म्हणजे दर मिनिटाला शिट्टी. चूक दोन-तीनदा दिसू द्या, मगच खेळ थांबवा, अर्ध्या मिनिटात दाखवा आणि लगेच चालू करा. स्वतः उत्तम खेळणाऱ्यांना हेच सर्वात जड जातं, कारण त्यांना बोलण्यापेक्षा बॉल मारून दाखवायची घाई असते.